चौदावे कलम माझ्या हातचे

मी, श्रीमती धम्मशीला राजेंद्र गजभिये, माहेरची रामटेके, जन्म कामठी, जिल्हा नागपूर, वय वर्षे चौसष्ट, चित्रपट कंपनीच्या करार विभागातून निवृत्त, राहणार बेसिंगस्टोक, हॅम्पशायर, आज हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक दाखवलेला नाही, कोणी गोड बोलून लिहून घेतलेले नाही. येत्या सोमवारी साउदॅम्प्टनच्या हॉस्पिटलमध्ये माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. सर्जन म्हणतात, धोका कमी आहे. धोका कमी आहे असे सांगूनच मी आयुष्यभर लोकांच्या सह्या घेतल्या, तेव्हा आधी कागद करून ठेवलेला बरा.

२०१९ सालचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी स्वतःविषयी "बावीस वर्षांच्या निष्कलंक नोकरीनंतर" असे लिहिले होते. तो कागद मी मागच्या हिवाळ्यात फाडला.

हे मराठीत लिहीत आहे. इंग्रजी भाषांतर सोबत जोडावे. दोन्हींत फरक निघाला तर मराठी खरे धरावे. इंग्रजीत मी बावीस वर्षे असे लिहिले की वाचणाऱ्याच्या पटकन लक्षात येऊ नये. हे मात्र लक्षात यावे अशी इच्छा आहे.

१. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम मी मंजिरी तांबे, सॉलिसिटर, बेसिंगस्टोक, हिच्यावर सोपवते. मंजिरी माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहे आणि माझ्यापेक्षा चांगली वकील आहे. तिने पूर्ण फी लावावी. ओळखीखातर सवलत देऊ नये.

२. कल्याणी ही माझी एकुलती एक मुलगी, वय बत्तीस, पटकथाकार आणि दिग्दर्शक, राहणार लंडन. तिला काय द्यायचे ते पुढे येईलच. त्याआधी तिचे काय गेले ते लिहिते, कारण ते माझ्या हातून गेले.

माझी आई चंदाबाई कामठीत विड्या वळायची. दिवसाला हजार. संध्याकाळी ठेकेदाराचा माणूस विड्यांची एकेक जुडी, म्हणजे कट्टा, उघडून बघायचा आणि शंभर-दीडशे विड्या "खराब" म्हणून बाजूला काढायचा. त्याला छाट म्हणत. छाटीचे पैसे मिळत नसत, आणि छाट परतही मिळत नसे. ठेकेदार तीही बाजारात विकायचा. १९७४ साली एके दिवशी आई कारखान्याच्या दारात पदर पसरून बसली आणि म्हणाली, "तुले नाही पाहिजे, तं माह्या मले वापस दे." तिच्यामागे आणखी नव्वद बाया बसल्या. मी तेरा वर्षांची होते, शाळेचे दप्तर घेऊन तिथेच उभी होते.

कल्याणीने या एका दिवसावर चित्रपट लिहिला आणि स्वतःच दिग्दर्शित केला. नाव 'पर थाउजंड', कारण विड्यांची मजुरी हजारावर मिळायची. पैसा निम्मा इंग्लंडचा, निम्मा जर्मनीचा. तीन प्रसंग हॅम्बुर्गच्या योहाना नावाच्या लेखिकेने लिहिले, बाकी सगळे कल्याणीचे. इंग्लंडमधली कंपनी म्हणजे मी जिथे नोकरी केली तीच. तिचे नाव इथे लिहीत नाही, कारण ते न लिहिण्याचा करार माझ्या सहीचा आहे, आणि मसुदाही माझाच.

मार्च २०२१ मध्ये कल्याणीचा फोन आला. मी डोळे तपासायला निघाले होते.

"आई, कॉन्ट्रॅक्ट आलंय. चोवीस पानं आहेत. तुला ईमेल करू? तू वाचशील?"

"कुणाचं आहे?"

तिने कंपनीचे नाव सांगितले. मला बरे वाटले. अभिमानच वाटला म्हणा ना.

"मग स्टँडर्ड असणार. कर सही."

"शुअर?"

"अगं, मी तिथे बावीस वर्षं काढलीत."

हा फोन एक मिनिट बावन्न सेकंदांचा होता. नंतर मी जुनी बिले काढून ते पाहिले. का पाहिले ते सांगता येत नाही. तो आणखी कमी वेळाचा निघावा किंवा जास्त वेळाचा, यांतले मला काय हवे होते, हेही ठाऊक नाही.

चित्रपट चालला. बर्लिनला गेला, कोपनहेगनला गेला, घरोघरी टीव्हीवर गेला. कल्याणीला करारात ठरले तेवढे एकदा मिळाले. ती त्यातच खूश होती, कारण पुढचे काम मिळेल असे तिला वाटत होते. मग कंपनीने त्या चित्रपटावरून सहा भागांची मालिका काढली. कल्याणीला विचारले नाही. तिला ती बातमी वर्तमानपत्रातून कळली.

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार. आम्ही तिघी माझ्याकडे बसलो होतो: मी, कल्याणी आणि शेजारची नीना. तिसरा भाग लागला. कारखान्याचे दार तेच. बाया त्याच. पदर पसरलेली बाई तीच, नाव चंदाबाई, नाकातली चमकीसुद्धा डाव्या बाजूला. ती उठली, ठेकेदाराच्या पाया पडली, त्याच्याकडून पाकीट घेतले, पदरात खोचले आणि बाकीच्या बायांना म्हणाली, चला, कामाला लागा.

मला वाटले, मी काहीतरी चुकीचे पाहिले. मी नीनाला रिमोट मागितला आणि मागे जाऊन पुन्हा पाहिले. पाकीट होते. माझ्या आईने पाकीट घेतले होते.

"आई," कल्याणी म्हणाली, "आजीला काय केलं त्यांनी?"

"उद्या त्यांच्या लीगलला लिही. असं करता येत नाही."

"येतं."

"अगं, लेखकाच्या कामाची अशी मोडतोड—"

"आई, करता येतं. मी साइन केलंय."

ती गाडीतून लॅपटॉप घेऊन आली आणि माझ्या मांडीवर ठेवला. चौदावे कलम. एकदाच ठरलेली रक्कम, त्या बदल्यात कथा, पटकथा, दिग्दर्शन आणि सर्व पात्रांचे सर्व हक्क, आज असलेल्या आणि पुढे शोध लागतील त्या सर्व माध्यमांत, सर्व विश्वात, नाव लावून घेण्याचा आणि मोडतोडीला हरकत घेण्याचा हक्क लेखक सोडून देत आहे, कायमचे, कायमचे.

"कायमचे" दोनदा होते. इंग्रजीतला तो शब्द लागोपाठ दोनदा, मध्ये स्वल्पविराम. ती माझी २००३ सालची टायपिंगची चूक. एकवीस वर्षांत ती कुणी दुरुस्त केली नव्हती, कारण ते कलम कुणी वाचलेच नव्हते.

मी त्या ओळीवर बोट ठेवले. 

"कल्याणी, हे मी लिहिलंय."

"काय?"

"हे कलम. हे वाक्य. मी लिहिलंय."

मला नेमका शब्द सापडत नाही असे तिला वाटले. तिने इंग्रजीत विचारले, "यू मीन, यू हॅव सीन इट बिफोर?"

"नाही गं. लिहिलंय. माझ्या टेबलावर, माझ्या हाताने."

 तिने लॅपटॉप मिटला, कोट घेतला आणि गेली. चार्जर माझ्याकडेच राहिला. तो मी पोस्टाने पाठवला. पोचल्याचे तिने कळवले नाही. नीना चिवड्याची ताटली हातात धरून उभी होती. तिने मला काही विचारले नाही, याबद्दल मी तिची ऋणी आहे.

३. घर. बेसिंगस्टोकचे हे घर माझ्या एकटीच्या नावे आहे. ते विकावे. आलेल्या रकमेचे चार भाग करावेत. तीन भाग कल्याणीला. ती नको म्हणाली तर मंजिरीने एक वर्ष थांबून पुन्हा विचारावे, आणि तरी नको म्हणाली तर आणखी एक वर्षाने.

चौथा भाग वेगळा का, ते सांगते. या घराच्या मागे काचेची खोली आहे, बागेत उघडणारी. ती २००४ साली चौदाव्या कलमाच्या बक्षिसातून बांधली.

मी १९९१ साली नागपूरची वकिलीची पदवी घेऊन इथे आले. इथे त्या पदवीवर वकिली करता येत नव्हती. मी टायपिस्ट झाले, मग मेडनहेडच्या त्या कंपनीत करारांची टायपिस्ट, मग करार विभागात. माझ्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, सगळ्यांच्या घरी असतो तसा, हातात पुस्तक असलेला. रोज सकाळी त्याला हात जोडून मी ऑफिसला जायची.

२००३ मध्ये कंपनी डॅनिश आणि जर्मन मंडळींबरोबर मालिका काढत होती. तिकडचे लेखक आणि दिग्दर्शक म्हणाले, प्रत्येक नव्या प्रक्षेपणाचा वाटा आम्हाला हवा, आणि आमचे नाव काढता येणार नाही. आमचे साहेब, मिस्टर पेलम, वाईट माणूस नव्हते. ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "धम्मशीला, ही साथ इकडे येता कामा नये. आपल्या लेखकांसाठी एक कलम लिही. एकच. असं की पुन्हा कधी हिशेबच करावा लागू नये."

मी चार दिवस घेतले. मला ते काम आवडले. एकेक फट शोधून बुजवायची. पुस्तक होईल, ती बुजवली. रेडिओ, खेळणी, अजून जन्मालाच न आलेली यंत्रे, बुजवली. पात्र सुटून जाईल, दुसऱ्या गोष्टीत वावरेल, तीही बुजवली. कुणाचे पात्र, कुणाची आई, हा विचार मनाला शिवला नाही. मिस्टर पेलम वाचून म्हणाले, "ब्यूटिफुल." मला बढती मिळाली आणि नऊ हजार पौंड बक्षीस. त्यातून ही खोली. आई तेव्हा इथेच होती. तिने त्या खोलीत बसून पहिल्यांदा ऊन खाल्ले आणि म्हणाली, "चांगलं केलंस."

तर चौथा भाग असा: त्यातून एक निधी करावा. नवा लेखक किंवा दिग्दर्शक, कुठल्याही भाषेतला, कुठल्याही देशातून इथे आलेला, सही करण्याआधी त्याचा करार वाचून देण्यासाठी वकिलाची फी या निधीतून द्यावी. वाचून "स्टँडर्ड आहे" एवढेच सांगणाऱ्या वकिलाला पैसे देऊ नयेत. निधीला माझे नाव देऊ नये.

४. मॉरीन डॅलिमोर, वय एक्याऐंशी, राहणार बेसिंगस्टोक, हिला वीस हजार पौंड, घर विकण्याची वाट न पाहता, माझ्या बँकेतल्या ठेवीतून.

मॉरीनने तीन बहिणींच्या बेकरीची मालिका लिहिली होती. चौदावे कलम ज्या पहिल्या करारात गेले, तो तिचा. तिला वकील नव्हता. तिने सरळ मला फोन केला. "सॉरी टु बॉदर यू, पण ही चौदाव्या कलमातली ओळ आहे ना, ती माझ्या बाबतीत म्हणजे काय?" मी म्हणाले, "इट्स क्वाइट स्टँडर्ड." त्या दिवशी ते स्टँडर्ड नव्हते. त्या दिवशी जगात त्याची एकच प्रत होती. ती मालिका पुढे युरोपभर दाखवली, पाच भाषांत बोलती केली.

२०११ साली एका सुपरमार्केटच्या काउंटरवर मी सामान ठेवले आणि समोरच्या बाईच्या छातीवरच्या बिल्ल्यावर 'मॉरीन' वाचले. तिचा फोटो मी फाइलमध्ये पाहिलेला होता. माझ्या टोपलीत कोथिंबीर, दही आणि तिच्याच मालिकेची डीव्हीडी होती. तीन पौंडांच्या सेलमध्ये लागलेली, कल्याणीसाठी घेतलेली. तिने ती उलटी करून किंमत स्कॅन केली आणि म्हणाली, "हॅव अ लव्हली डे, माय लव्ह." मी पैसे दिले. बाहेर येऊन गाडीत बसले आणि इंजिन चालू करायला विसरले. तरी आत परत गेले नाही. त्यानंतर चौदा वर्षे मी दुसऱ्या दुकानात गेले. एवढेच केले.

या वर्षी फेब्रुवारीत मी तिच्या घरी गेले. मी कोण ते सांगितले आणि चौदावे कलम सोप्या इंग्रजीत तिला समजावून सांगितले, बावीस वर्षे उशिरा. मला वाटले ती मला हाकलून देईल. तिने चहात चमचा फिरवला.

"म्हणजे त्यात खरंच तसंच लिहिलं होतं?" ती म्हणाली. "मला इतकी वर्षं वाटायचं, मीच काहीतरी नीट वाचलं नाही. माझंच डोकं कमी पडलं."

 

५. टेपा. माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात नऊ कॅसेट आहेत. माझे यजमान राजेंद्र बस डेपोत इंजिनिअर होते, शिफ्टमध्ये काम करत. १९९८ साली मी दिवसभर ऑफिसात असताना ते आणि माझी आई घरी असत. तिला बोलते करून त्यांनी तिचे सगळे आयुष्य रेकॉर्ड केले. ते २०१६ मध्ये गेले, त्यानंतर कल्याणीने त्या कॅसेट ऐकल्या, आणि चित्रपटातली कित्येक वाक्ये तिने तिथून जशीच्या तशी घेतली. मी स्वतः त्या कधी ऐकल्या नव्हत्या. वेळ नव्हता असे मी सांगत असे.

मागच्या डिसेंबरात घरात एकटीच होते, तेव्हा लावल्या. चौथ्या कॅसेटवर राजेंद्र विचारतात, "आई, धम्मशीला काय काम करते, माहीत आहे का?" आणि आई म्हणते, "माह्यी पोरगी वकील हाय. तिच्या हापिसात मोठेमोठे लोक कागद घिऊन येतात. थे वाचून देते. कुठी फसाचं नाही, थे सांगते."

मी कॅसेट थांबवली. स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला, बंद केला, परत आले. पुन्हा लावली. तेच वाक्य.

मग माझ्यातली करारवाली जागी झाली. बोललेले शब्द टेपवर उतरले की ते बोलणाऱ्याचे असतात. आईने कुठल्याही कागदावर अंगठा दिलेला नाही. ती २००९ मध्ये गेली. तिचे हक्क मला आणि माझा भाऊ जगदीश याला आले. जे कल्याणीचे नव्हतेच, ते ती कंपनीला देऊच शकत नव्हती. मी धावत मंजिरीकडे गेले.

मंजिरीने करार वाचला, पान उलटले, आणि म्हणाली, "धम्मशीलाताई, तुम्ही दावा लावलात तर जिंकालही. पण पंधराव्या कलमात कल्याणीने हमी दिलीय की यातलं सगळं तिचं स्वतःचं आहे, आणि कुणी दावा केलाच तर कंपनीचं नुकसान ती भरून देईल. म्हणजे तुम्ही कंपनीकडून घेणार आणि कंपनी कल्याणीकडून वसूल करणार." मग तिने विचारले, "हे पंधरावं कुणी लिहिलं?"

"मीच."

तिने पेनचे टोपण लावले. मला त्या क्षणी हसू आले आणि मग ते थांबेना. मंजिरीने उठून दार लावून घेतले.

दावा लावलेला नाही आणि माझ्या पश्चातही कुणी लावू नये. पण टेपांवरचे जे आजवर वापरले गेलेले नाही, ते कुणालाच दिलेले नाही, आणि ते बरेच आहे. सुमारे आठ तास. जगदीशने त्याचा अर्धा हिस्सा रीतसर लिहून कल्याणीला दिला आहे. मी माझा अर्धा हिस्सा, राजेंद्रकडून मला आलेला रेकॉर्डिंगचा हक्क आणि त्या नऊ कॅसेट याद्वारे कल्याणीला देते. २०७९ च्या अखेरपर्यंत हे शब्द तिचे आहेत. तिने त्यावरून चित्रपट करावा, पुस्तक करावे किंवा काहीच करू नये.

६. कंपनी. जूनमध्ये तिथून फोन आला. माझ्या जागेवर आता दिया नावाची मुलगी बसते, लेस्टरची. मालिकेचा पुढचा भाग करायचा आहे, टेपांबद्दल कळले आहे, चांगली रक्कम देऊ, असे ती म्हणाली.

"कुठला फॉर्म पाठवणार आहेस?"

"आंटी, इट्स जस्ट द स्टँडर्ड फॉर्म."

"चौदावं कलम वाचलंयस?"

"ते माझ्या आधीपासूनचं आहे."

"त्यात 'कायमचे' दोनदा आहे. बघ."

कागद उलटण्याचा आवाज आला.  मग ती म्हणाली, "ओह माय गॉड, हो." मी नकार दिला आणि फोन ठेवला. तिच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. तिचा आवाज ऐकून मात्र मला भीती वाटली. माझाच होता तो, तिसाव्या वर्षीचा.

ऑगस्टमध्ये योहानाने मला पत्र लिहिले. तिच्या देशाच्या कायद्याप्रमाणे काम अपेक्षेबाहेर चालले तर लेखकाला वाढीव वाटा मागता येतो. तिने जर्मन भागीदाराकडे मागितला आणि तिला तीन प्रसंगांचा वाढीव वाटा मिळाला. सगळा चित्रपट लिहिणाऱ्या आणि करणाऱ्या कल्याणीला इंग्लंडच्या कायद्यात तशी सोय नाही. "मला तिच्यासमोर उभं राहायची लाज वाटते," असे योहानाने लिहिले होते. युरोपातले लेखक आणि दिग्दर्शक यावर ब्रसेल्समध्ये सभा घेत होते. मी साक्ष देईन का, असे तिने विचारले.

मी पाच पानी निवेदन दिले. कलम कुणी सांगितले, कशासाठी, कुठल्या फटी बुजवल्या, मॉरीनला मी काय सांगितले, सगळे. सप्टेंबरमध्ये योहानाने ते सभेत वाचले. कल्याणी सभागृहात होती. शेवटपर्यंत बसली होती, असे योहानाने कळवले. कल्याणीने काही कळवले नाही.

आता कंपनीच्या वकिलांचे पत्र आले आहे की मी गोपनीयता मोडली. मोडली आहे. माझ्या पश्चात त्यांनी मालमत्तेवर दावा केला तर मंजिरीने तडजोड करू नये. कोर्टात उघडपणे लढावे. त्यात पैसे गेले तर जाऊ देत, पण प्रत्येक कागद कोर्टात मोठ्याने वाचला जावा. निवृत्तीच्या वेळी दिलेली काचेची ढाल कौन्सिलच्या काच-कचऱ्यात टाकावी. ढालीचा लाकडी तळ आधी काढावा, नाहीतर ते घेत नाहीत.

७. जगदीश. कामठीच्या घराचा माझा हिस्सा मी भावाला सोडते. आई शेवटी कामठीला परतली, आणि ती आजारी असताना मी तिथे अठरा दिवस राहून परत आले, त्याने दोन वर्षे केले. आमचे त्यावरून भांडण झाले होते आणि मी त्याला "तुला काय, घर मिळणार आहे," असे बोलले होते. ते मी मागे घेते. मालिका त्यानेही पाहिली. त्याने फोनवर एवढेच विचारले, "ताई, आपल्या मायनं पाकीट घेतलं व्हतं का? लोक मले इचारून राह्यले." कामठीत, आमच्या गल्लीत, लोक विचारत होते. मी म्हणाले, "नाही रे. नाही घेतलं. मी तिथे उभी होते." हे मी इथे सही करून, साक्षीदारांसमोर लिहून ठेवते: १९७४ साली चंदाबाई रामटेके यांनी ठेकेदाराकडून पाकीट घेतले नाही. त्या संध्याकाळी सातपर्यंत बसल्या आणि स्वतःची छाट पदरात घेऊन घरी आल्या.

८. किरकोळ. गाडी धर्मादाय संस्थेला. कायद्याची पुस्तके निधीला. जुनी आहेत, पण कागद चांगला आहे. साड्या कल्याणीला, नेसल्या नाहीत तरी चालेल. नीनाला कुकर आणि पितळी डबे हयातीतच दिले आहेत, कारण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही आणि तिच्याइतका खात्रीचा साक्षीदार मला माहीत नाही.

९. अंत्यविधी साधा असावा. त्रिशरण, पंचशील, बस. इथल्या मराठी मंडळातल्यांनी भाषणे करू नयेत. करायचीच झाली तर माझ्या आईवर करावीत.

ऑपरेशनचे मंजिरीकडून कळल्यावर कल्याणीचा परवा मेसेज आला. अकरा महिन्यांत पहिला. "मंडेला मी ड्राइव्ह करते. सेवन ओ'क्लॉकला रेडी राहा." मी तो किती वेळा वाचला ते लिहीत नाही. त्यावरून कुणी काही ठरवू नये, मीही ठरवलेले नाही.

सोमवारनंतर मी परत आले नाही, तर मुलीने आईला माफ केले होते असे कुणी कुठे बोलू नये, लिहू नये, मालिकेत दाखवू नये. माफ करायचे की नाही, हे तिचे आहे. तिच्या वतीने मी ते कुणाला लिहून दिलेले नाही.

वरचे सगळे मी स्वतः लिहिले, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचले, आणि आता खालच्या दोघांच्या देखत सही करते. आम्ही तिघे एकाच वेळी या खोलीत आहोत आणि या दोघांना यातून काहीही मिळत नाही.

सही: धम्मशीला राजेंद्र गजभिये

साक्षीदार पहिली: नीना कर्णिक, निवृत्त फार्मासिस्ट, शेजारचे घर. सही केली. मीही ऐकले.

साक्षीदार दुसरा: सुश्रुत देव, सॉफ्टवेअर इंजिनिअर, समोरचे घर. सही करण्याआधी सर्व पाने वाचली. सव्वा तास लागला.

ठिकाण: बेसिंगस्टोक
दिनांक: १७ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार